रेवतीच्या पाठीचे दोन मार्ग

"पुढून जायची गरज नाही, मॅडम," नचिकेत म्हणाला. तेही पेशंटच्या वडिलांसमोर.

नचिकेत माझाच विद्यार्थी. ठाण्याला माझ्या हाताखाली मणक्यांची सर्जरी शिकला, परदेशात फेलोशिप केली आणि परत आमच्याच हॉस्पिटलमध्ये रुजू झाला. सहा महिन्यांत माझ्या ओपीडीच्या बाकावरची माणसं त्याच्या दारापुढे सरकली. येता-जाता मी ती मोजायचे.

रेवती साळवी मात्र माझीच पेशंट होती, चौदाव्या वर्षापासून. आता अठरा. घर डोंबिवलीत, वडील मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर. वाढीच्या वयात तिचे मणके पुढच्या बाजूने कमी वाढले, पाचरीसारखे झाले, आणि पाठीचा वरचा भाग वाकत गेला. पट्टा झाला, व्यायाम झाले. आता कॉलेजात तासभर बसवत नव्हतं. भर उन्हाळ्यातही ती पाठीवर ओढणी घेऊन यायची.

माझी पद्धत दोन टप्प्यांची. आधी बरगड्यांमधून छाती उघडायची, मणक्यांमधल्या आखडलेल्या चकत्या पुढून मोकळ्या करायच्या. मग पाठीमागून स्क्रू आणि सळ्या घालून कणा सरळ करायचा. नचिकेतचं म्हणणं, सगळं मागूनच करू. प्रत्येक मणक्याच्या मागच्या हाडाची छोटी फोड काढली की कणा आपोआप सैल होतो.

"मॅडम, भरवसा तुमच्यावरच आहे," साळवी म्हणाले. "पण छाती उघडायची नसेल तर बरंच ना? हिला दमा आहे."

"बाक कडक असेल तर मागून जाऊन भागत नाही," मी म्हणाले. "लोडवरचा एक्स-रे काढू."

यात पेशंटला पाठीखाली घट्ट लोड ठेवून उताणं झोपवतात. बाक किती सुटतो ते दिसतं. पन्नास अंशांच्या खाली आला तर मागून काम होतं. तो सुटू नये, अशी माझी इच्छा होती. खोटं कशाला बोलू?

फिल्म आधी माझ्याकडे आली. ऐंशी अंशांचा बाक शेहेचाळीसवर आला होता. मी पुन्हा मोजला. तिसऱ्यांदा मुद्दाम एक मणका खालचा धरून मोजला. तरी पन्नासच्या वर जाईना.

मी साळवींना आत बोलावलं. "नचिकेतचं बरोबर आहे. ऑपरेशन तोच करेल."

"आणि तुम्ही?" रेवतीने विचारलं.

"मी समोर उभी असेन."

ऑपरेशनच्या दिवशी पाच तास मी त्याला असिस्ट केलं. हात सुरेख चालत होता त्याचा. मीच शिकवलेल्या टाक्यांपलीकडे गेला होता. सळी बसवून तो कणा हळूहळू दाबत आणत असताना मॉनिटरवरची टेक्निशियन ओरडली, "सर, सिग्नल पडला! डावा पाय!"

हे मशीन मेंदूकडून पायांकडे जाणारे संदेश तपासतं. संदेश तुटला, म्हणजे मज्जारज्जूवर ताण आला. वेळेत सोडवला नाही तर पाय कायमचा जाऊ शकतो.

तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं, 'फसला!' मग भानावर आले. टेबलावर रेवती होती.

मी तोंड उघडेपर्यंत नचिकेतने सळी सैल केली होती. "बीपी वाढवा," तो भूलतज्ज्ञांना म्हणाला, म्हणजे मज्जारज्जूला रक्त नीट पोचेल. मग माझ्याकडे बघून, "मॅडम, पुढे जाऊ की थांबू?"

"सिग्नल येईपर्यंत हात लावू नकोस. आणि आला तरी पूर्ण सरळ करायचा हट्ट नको."

"नाही करत."

बऱ्याच वेळाने डाव्या पायाची रेघ परत उठली. थोडा बाक राहू देऊन त्याने स्क्रू पक्के केले.

दुसऱ्या दिवशी रेवतीने दोन्ही पायांची बोटं हलवली. तिसऱ्या दिवशी वॉर्डात चालली. डिस्चार्जच्या वेळी साळवींनी नचिकेतला मिठीच मारली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुमचेही आभार." तो 'ही' मला टोचला. अजून टोचतो.

आता मी लोडवरचा एक्स-रे बघितल्याशिवाय मत देत नाही. पेशंटला दोन्ही पद्धती सांगते. जिथे नचिकेतची बरी, तिथे त्याच्या नावाने चिठ्ठी देते. लिहिताना बरं वाटतं असं नाही. म्हणून पेशंट खुर्चीवरून उठायच्या आत लिहून टाकते.