पाच सांध्यांचे गडी

कुरियरवाल्यानं पह्यल्यांदा विचारलं, "भैया, बच्चा कितना बड़ा है?" म्हटलं, "पैंतालीस का." त्याले वाटलं मी मजाक करून राहिलो. मग दर महिन्याले डबे याले लागले अन् सगळ्या डब्यांवर माहंच नाव, तवा कुठं त्याच्या टकुऱ्यात उजेड पडला. आता तो काही विचारत नाही. नुसता डबा हातात देते अन् माह्या तोंडाकडं पाहून हासते. हास बाप्पा. हौसेले मोल नसते.

मी खेळणे जमा करतो. कोणतेही नाही, ॲक्शन फिगर. अन् त्यातही असे का जे आता नवीन बनतात, पण जुन्या पद्धतीनं. प्लॅस्टिकचा चार बोटं उंच गडी, मान फिरते, दोन खांदे फिरतात, दोन मांड्या फिरतात, बस. पाच सांधे. आजकालच्या भारी फिगरले बोटाबोटाले सांधे असतात, ते मले नको. गड्याच्या मागं रंगीत पुठ्ठा असते, त्यावर रॉकेट नाही तर ज्वालामुखी चितारलेला, अन् समोर पारदर्शक प्लॅस्टिकचा फुगा, त्यात गडी बंद. लहानपणी पोलादाच्या प्लांटाच्या कॉलनीत, सेक्टर 10 मध्ये शेजारच्या क्वार्टरात असे गडी होते. आमच्या क्वार्टरात नव्हते. आमच्या घरी पुस्तकं होते. बाबाचं म्हणणं, पैसा घालाचा तर पुस्तकात घाला, खेळण्यानं कोणी शिकलं का बे? त्यायचं काही चुकलं नाही. त्या पुस्तकांच्या भरवशावरच मी प्लांटात लागलो. पण मन काय कोणाचा नियम पाहते? पगार हातात आला, लगन झालं, घर झालं, अन् एक दिवस मोबाइलवर असा एक गडी विकाले दिसला. मी मागवून टाकला. मग काय, एकाचे पन्नास.

प्लांटात मी रुळाच्या इन्स्पेक्शनले आहो. दिवसभर खोट पाहाची नोकरी. ती नजर घरी आल्यावर बंद होत नाही. डबा आला का आधी पुठ्ठ्याचे कोपरे पाहतो, मग फुग्याचा गोंद, मग गड्याचे डोळे. डोळ्याचा रंग जरासा सरकला का तो गडी जन्मभर दारू पेल्यासारखा पाहते. एकाले तर दोन्ही पाय डावेच लावून धाडले होते! कंपनीले लिवलं, तर म्हणे इतका फरक चालते. चालते म्हणे! असा रूळ आम्ही धाडून पाहावा एकदा. नाव मोठं, लक्षण खोटं. अन् आणखी एक गंमत, पुठ्ठा जुना दिसावा म्हणून कोपरे घासल्याची खूण त्याच्यावर छापून देतात. छापून! नवीन मालाले जुनं दिसाची हौस, अन् इकडं माह्या वयाचे लोकं केस काळे करून राहिले.

बंद गडी मी उघडत नाही. जमवणाऱ्याचा हा धर्मच आहे म्हणा ना. एकसारखे दोन घेतले तर एक उघडाचा, एक बंद ठेवाचा. बंद ठेवलेले बाबाच्या खोलीतल्या लांब भिंतीवर खिळे ठोकून टांगले, कावून का दुसऱ्या भिंतीवर ऊन येते अन् उन्हानं फुगा पिवळा पडते. प्लांटाची लाल धूळ बसते त्यायच्यावर, ती मी दर इतवारी सुती कपड्यानं पुसतो. बायको म्हणते, "माह्याकडं कधी पाह्यलं का इतकं निरखून?" मी म्हणतो, "तुह्यात खोटच नाही, काय निरखू?" ती म्हणते, "राहू द्या, मस्का नका लावू."

बाबा आमच्यासंगच राहतात, कोहका वस्तीतल्या घरात. आई गेली, तवापासून तर ते अन् त्यायची खोली. प्लांटात ते फिटर होते, जन्म गेला पाने अन् बेअरिंगमध्ये. मागच्या उन्हाळ्यात त्यायले लकवा मारला. उजवी बाजू गेली. मग हळूहळू बोलणं परत आलं, पाय परत आला, काठी धरून घरात फिराले लागले. उजवा हात काही परत आला नाही. मांडीवर पडून राहे, अन् ते त्याच्याकडं पाहत बसत. डॉक्टरनं मले बाहीर नेऊन सांगतलं, का बोटं चालवत ठेवा, जे काही याचं ते पह्यल्या वर्षात येते, मागून आशा कमी. हे मी फक्त बायकोले सांगतलं.

बाबा डाव्या हातानं चमचा धरून जेवत, तर वरण शर्टावर सांडे. सुनेनं पुसलं का मान फिरवून घेत. पौर्णिमेले विहारात जाणं बंद केलं. म्हटलं, बाबा, मी गाडीवर नेतो ना. तर म्हणे, "वंदनेले हात जोडाचे असतात. एकच हात जोडला, असं असते का कुठं?" मले रडू आलं. मी गाडी पुसाच्या निमित्तानं बाहीर निंघून गेलो.

व्यायाम शिकवाले एक बाई येत. त्यायनं सांगतलं, ताटलीतला राजमा चिमटीनं उचला, कपड्याचे चिमटे दाबा, रबराचा गोळा दाबा. बाबानं गोळा खिडकीतून फेकला. डाव्या हातानं फेकला, शेजाऱ्याच्या तुळशीत जाऊन पडला. "मी लहान पोट्टं आहो का? राजमा उचलू?" सुनेनं हातापाया पडून पाह्यलं, मी चिडून पाह्यलं. काही फरक नाही. बाबा जिद्दी, अन् मी त्यायचाच पोरगा. दोन-दोन दिवस घरात अबोला राहे.

मग एक दिवस जेवताना मी एका गड्याच्या नावानं बोंबलत होतो. हिरव्या अंगाचा, माशाच्या डोळ्याचा पाण्यातला राक्षस होता. जोडीतला उघडलेला. त्याचा खांदा जाम होता, अन् जोर लावला तर आतली खुंटी तुटंन अशी भीती. "इतके पैसे घेतात अन् खांदा फिरत नाही! इन्स्पेक्शनवाला झोपला होता का बे यायचा?"

बाबा म्हणाले, "काय जाम आहे?"

"खांदा."

"दाखव."

मी दिला. त्यायनं तो डाव्या हातात धरला, मांडीवरचा उजवा हात कसाबसा वर आणला अन् अंगठा गड्याच्या हातावर टेकवला. अंगठा घसरला. पुन्हा टेकवला, पुन्हा घसरला. जाम झालेली वस्तू फिटरच्या हातात दिली अन् त्यानं तशीच परत केली, असं होत नाही. "सांभाळा, तुटंन," असं मी म्हणणार, तितक्यात बायकोनं मले कोपरानं असं ढोसलं का घास नरड्यात अटकला. वरण थंड झालं. बाबा त्या राक्षसाच्या खांद्याले लागून होते.

दुसऱ्या दिवशी बायकोनं फर्मान काढलं, उघडे गडी सगळे मामाजीच्या, म्हणजे बाबाच्या, उशाशी. मी म्हटलं, "अवो, ते खेळणे नाहीत!"

"मग काय आहेत?"

मी गुमान डबा काढून दिला.

तवापासून बाबाचा कारखाना सुरू झाला. आधी ढिले सांधे, मग जरा कसलेले, मग त्याहून कडक. व्यायामवाल्या बाई खूश, म्हणे अंगठ्याले अन् बोटाले अगदी हेच काम पाह्यजे. बाबा रोज संध्याकाळी मले रिपोर्ट देत. "याच्या मांडीत प्ले जास्त आहे, डगडग हालते." "हा भंगार आहे, वापस धाड." ढिल्या सांध्यात मी बायकोची बिनरंगाची नेलपॉलिश लावतो, सुकली का सांधा कसते, सगळे जमवणारे हेच करतात. बाबानं ते पाह्यलं अन् म्हणाले, "नखाले लावाचं ते लावते, अन् स्वतःले इन्स्पेक्टर म्हणवते." ज्या माणसानं आमच्या घरात एक बाहुला येऊ दिला नाही, त्याच्या उशाशी आता डझनभर बाहुले. मी हे बोलून नाही दाखवलं. इतकी अक्कल आहे मले.

पण थंडी आली अन् गाडी अटकली. गड्यांचे हात फिरत, पण शर्टाची गुंडी लागत नव्हती, घास उचलल्या जात नव्हता. चार दिवसांनी पाहा तर गडी उशाशी तसेच पडलेले. म्हटलं, बाबा, कावून सोडलं? म्हणे, "हे सगळे फिरतात आता. फिरते त्याले काय फिरवाचं?" अन् तोंड भिंतीकडं करून झोपले. बाईच्या बोलण्यातही आता "पाहू या" जास्त याले लागलं. उन्हाळा जवळ याले लागला, तसा मले एकच घोर, का वर्ष सरत आलं अन् हात तितक्यावरच राह्यला. रात्री बायकोसंग बोलाची सोय नव्हती, दोघंही रडलो असतो.

फागुनातली गोष्ट. मी सकाळची शिफ्ट करून घरी आलो. बायको हुडकोच्या बाजारात भाजी घ्याले गेली होती. दार उघडलं, तर मशीनच्या तेलाचा वास. बाबाच्या खोलीत डोकावलो अन् पायातले जोडे काढाचे राहूनच गेले. भिंत खाली होती. नुसते खिळे. काठीनं एक एक पुठ्ठा पाडला होता. पलंगावर पेपर अंथरला, पेपरावर माहे सगळे बंद गडी, उघडे, ओळीनं झोपवलेले. बाजूले पुठ्ठ्यांचा ढीग. मधात बाबा, अन् त्यायच्याजवळ बायकोच्या शिलाई मशीनची तेलाची बाटली.

"आला का?" बाबा म्हणाले. आवाज अगदी मजेत. "सगळेच्या सगळे जाम होते बे. एकाचाही खांदा फिरत नव्हता. बंद करून टांगले तर जाम होणारच ना? तेल दिलं सगळ्याले."

या प्लॅस्टिकले तेल म्हणजे विष. सांधा जाम असला तर गरम पाण्यात धराचा असते, हे आम्हाले माहीत. तेलानं रंग सुटते अन् सांधा असा ढिला होते का मग नेलपॉलिशही धरत नाही. पण बाबाले हे कोण सांगणार? जाम दिसलं का तेल, जन्मभर हेच केलं. ओळीच्या शेवटी माहा लोखंडी तोंडाचा गडी होता, काळा, लाल डोळ्याचा. तो एकदाच बनला, थोडेच बनले, दोन वर्षं त्याची वाट पाह्यली होती मी. त्याच्या छातीवरचा चंदेरी रंग पेपरले लागला होता.

डोक्यात अशी सणक गेली का विचारू नका. "बाबा! काय करून ठेवलं हे! अरे, काय करून ठेवलं!"

"कावून ओरडून राहिला?"

एक पुठ्ठा उचलला, किती नास झाला ते पाहाले. सवय आहे ती, दुसरं काय. फुगा तीन बाजूंनी कापला होता, अन् चौथ्या बाजूनं दारासारखा उघडला होता. काप अगदी कडेकडेनं. पुठ्ठ्यावर एक ओरखडा नाही. दुसरा उचलला. तसाच. तिसरा, चौथा. पेपरावर अर्ध ब्लेड पडलं होतं, धराच्या बाजूले कागद गुंडाळलेलं. पेपरभर पाह्यलं, तेल कुठंच सांडलं नव्हतं. एका सांध्याले एक थेंब, बरोबर जिथं पाह्यजे तिथं.

डाव्या हातानं बाबाले वरण सांभाळता येत नव्हतं.

"बाबा," म्हटलं, "ब्लेड कोणत्या हातानं धरलं?"

"कोणत्या म्हणजे? धरतात त्या हातानं." माह्याकडं असं पाह्यलं का जसं काही मीच येडा. त्यायचं ध्यानच नव्हतं. त्यायनं लोखंडी तोंडाचा गडी उचलला, उजव्या चिमटीत त्याचा हात धरला अन् गरकन फिरवला. "पाह्य. आता फिरते."

मी जोड्यासगट खाली बसलो अन् रडलो. भोकाड पसरून रडलो. खरं सांगतो, त्यातलं थोडं त्या गड्यासाठीही होतं, त्याचं मले आजही वाईट वाटते. पण थोडंच.

बाबाले वाटलं मी खेळण्यासाठी रडून राहिलो. "एवढा घोडा झाला, अन् बाहुल्यापायी रडते!" असं म्हणून ते वाकले अन् माह्या टकुऱ्यावर एक टप्पल मारली.

बायको भाजीची पिशवी घेऊन दारात उभी होती. भिंत पाह्यली, पेपर पाह्यला, मले पाह्यलं. घाबरून म्हणाली, "अवो, काय झालं?"

म्हटलं, "बाबानं मारलं. उजव्या हातानं मारलं."