वहिनी, कुल्ले उचला

डायलिसिस करून आलं की गुपचूप पडून राहायचं, असं डॉक्टरांनी मला बजावलेलं. पण त्या संध्याकाळी आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीची मीटिंग होती आणि विषय होता लिफ्टचा. तीन मजल्यांच्या बिल्डिंगला लिफ्ट कशाला, असं सेक्रेटरी म्हणाले. ते तळमजल्यावर राहतात. मी दुसऱ्या मजल्यावर, आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाते-येते. मी तावातावाने उठले, "तुमच्या किडन्या गेल्या असत्या ना, तर..." एवढं म्हणाले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. वाक्य अर्धवट राहिलं नि मी पार्किंगच्या लादीवर आडवी.

खुब्यात हाड मोडलं. किडनी बिघडली की हाडंही ठिसूळ होतात, हे मला तेव्हा कळलं. हाडांच्या डॉक्टरांना ऑपरेशनची घाई, किडनीच्या डॉक्टरांना आधी डायलिसिस हवं. दोघं माझ्या अंगावरून एकमेकांशी बोलत होते, मी आपली छताचा पंखा बघत पडलेली. शेवटी आधी डायलिसिस झालं, मग ऑपरेशन करून खुब्यात स्टीलचा रॉड बसवला.

आमचे हे माणूस सोन्यासारखे, पण आजारपणात बिनकामाचे. रक्त दिसलं की स्वतःच खुर्ची शोधतात. मुलगा बंगळुरूला, तो रोज व्हिडिओ कॉलवर "आई, स्ट्राँग राहा" सांगून फोन ठेवायचा. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळी आणायचा. किडनीमुळे मला शहाळ्याचा घोटसुद्धा बंद, हे सांगून सांगून थकले. वॉर्डातल्या मावशींची मात्र चंगळ झाली.

ऑपरेशननंतर यांनी मला न विचारता धाकट्या भावाला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोहने गावाहून माझी जाऊ दोन पिशव्या घेऊन हजर. आमचा आठ वर्षं अबोला. तिने एका हळदीत चारचौघांत माझ्या वालाच्या बिरड्याला नावं ठेवलेली, म्हणून पुढे मी तिच्या नातीच्या बारशाला गेले नव्हते. कुशीवर वळता आलं असतं तर मी तेव्हाच भिंतीकडे तोंड केलं असतं.

जाऊ पिठाची गिरणी चालवते. गव्हाची पोती उचलून तयार झालेले हात. नर्स बेडपॅन घेऊन आली, तो हिने तिच्या हातातून घेतला आणि आठ वर्षांनी पहिलं वाक्य बोलली, "वहिनी, कुल्ले उचला."

"उचलता आले असते तर तुला बोलावलं असतं का?"

"तुम्ही कुठे बोलावलंय? दादांनी बोलावलंय."

पाच दिवसांची बद्धकोष्ठता आणि आठ वर्षांचा अबोला एकाच सकाळी सुटले.

व्यायाम करून घेणारी मुलगी फार गोड होती. वॉकर धरून दोन पावलं टाकली की "काकू, व्हेरी गुड!" म्हणायची. दुखण्यावरच्या नेहमीच्या गोळ्या किडनीमुळे मला चालत नव्हत्या, त्यामुळे तिसऱ्या पावलाला मी भोकाड पसरलं.

जाऊ म्हणाली, "मीटिंगमध्ये ओरडायला दम होता ना? टाका पाऊल."

मी तिला एक ठसठशीत शिवी दिली.

"अजून द्या. पण पाऊल टाकून द्या."

शिव्या देत देत मी वॉर्डाच्या दारापर्यंत पोचले. ती मुलगी व्हेरी गुड म्हणायचं विसरली.

घरी आल्यावर जिना होताच, आणि डायलिसिस काही चुकवता येत नाही. खुर्चीत बसवून सोसायटीतले चौघे मला खाली न्यायचे. पुढची डावी बाजू सेक्रेटरींकडे. जाऊ मागून ओरडायची, "नीट धरा हो, पडल्या तर पुन्हा तुम्हालाच शिव्या घालतील!"

मला दिवसाचं पाणी मोजून. एका दुपारी घसा कोरडा पडला म्हणून मी तिच्याकडे भीक मागितली. तिने बर्फाचा एक खडा तोंडात घातला आणि म्हणाली, "वहिनी, ते बिरडं खरंच खारट होतं."

"माहितेय. मीठ दोनदा पडलेलं. पण तू सगळ्यांसमोर बोललीस."

"ते चुकलंच माझं. पण बारशाला मी तुमची वाट बघितलेली. कुंची तुम्ही शिवून आणाल म्हणून मी विकत घेतली नव्हती."

मी तोंडातला बर्फ कडाकडा चावला आणि अजून एक खडा मागितला.

अडीच महिन्यांनी ती गिरणी सांभाळायला परत गेली. किडनी काही सुधारणार नाही, पण काठी घेऊन मी आता चालते. गेल्या महिन्यात डायलिसिस नसलेल्या दिवशी रिक्षा करून मोहन्याला गेले. जावेची नात आता दुसरीत आहे. पाया पडायला वाकली, तर वाकूनच राहिली आणि माझ्या खुब्यावर बोटाने टकटक करून बघायला लागली. मग जावेकडे वळून म्हणाली,

"आजी, हिच्यात लोखंड आहे ना? मग आवाज का येत नाही?"