मालतीकाकू मासळीबाजारात निघाल्या

कांदिवलीत आमची छोटीशी संस्था आहे. अपंग माणसांच्या घरी जाऊन व्यायाम, आंघोळ, बाहेर येणंजाणं यात मदत करायची, हे आमचं काम. मी फिजिओथेरपिस्ट. लोकांना वाटतं, फार गंभीर मामला असेल. अहो, नुसत्या मालतीकाकूंचे किस्से सांगायला बसलो तरी चहा गार होतो!

*

काकू मालवणच्या. जिन्यावरून पडल्या, पायातली ताकद गेली, व्हीलचेअर आली. पहिल्या भेटीत आमच्या शिल्पाने एकदम गोड आवाजात विचारलं, "काकू, तुमचं ध्येय काय?"

"पापलेट."

"म्हणजे?"

"बाजारात जाऊन माझ्या हातान पापलेट घेवचा हा. हे आणतत तां मांजरसुद्धा हुंगूचा नाय!"

काकांनी पेपर जरा वर धरला.

*

'सेवा तुमच्या दारी' हे आमचं ब्रीद. त्यामुळे शिल्पाने बाजार दारी न्यायचं ठरवलं. थेट मासळीबाजारातून व्हिडिओ कॉल!

"कल्ले उघड," काकू म्हणाल्या. तिने उघडले.

"पोट दाब." दाबलं.

"आता वास दे."

शिल्पाने खरंच मोबाइल माशाला टेकवला. पुढे आठवडाभर तिचा फोन कुणी हातात घेत नव्हतं.

*

मग सोसायटीकडे रॅम्प मागितला. त्यासाठी मीटिंग ठेवली गच्चीवर. लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही! सेक्रेटरींनी काकूंना निरोप धाडला, "तुम्ही नाही आलात तरी चालेल, विषय तुमचाच आहे."

रॅम्प झाला मात्र झकास. उद्घाटनाला रिबीन, नारळ, पेढे. सेक्रेटरी स्वतः रॅम्पवरून चालत वर गेले, खाली आले आणि माइकवर म्हणाले, "मला तर काहीच त्रास झाला नाही!"

टाळ्या पडल्या.

*

दुसऱ्या दिवशी काकूंना घेऊन खाली आलो, तर रॅम्पला साखळी आणि कुलूप.

"नवीन आहे ना साहेब," वॉचमन म्हणाला, "वापरून खराब होईल."

काकू मालवणीत दोन वाक्यं बोलल्या. ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. कुलूप उघडलं.

*

आणि त्याच दिवशी आम्ही बाजारात पोहोचलो. पडल्यापासून काकूंशी सगळे आजाऱ्याशी बोलावं तसं हळू बोलायचे. इथेही तेच. गर्दी बाजूला झाली, कुणीतरी "बिचारी" म्हणालं. एका गृहस्थांनी तर काकूंच्या डोक्यावरून मला विचारलं, "यांना मासे चालतात का?"

काकूंचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं. एवढ्या खटपटी करून बाईंना इथवर आणलं ते याच्यासाठी?

तेवढ्यात काकूंनी समोरच्या कोळणीच्या पाटीतलं एक पापलेट उचललं. कल्ले उघडले, पोट दाबलं आणि परत टाकलं. "बर्फातला हा ह्या!"

कोळीण कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ए बाय! घ्यायचा तं घे, नाय तं ती गारी बाजूला कर! धंद्याचे टायमाला मधीच वाटेत आरवी लावून बसलीय!"

सगळा बाजार वळून बघायला लागला. शिल्पा घाईघाईने पुढे झाली, "अहो मावशी, त्यांना जरा..."

"गप गो तू!" काकू म्हणाल्या. चेहरा नुसता फुलला होता. त्यांनी खुर्चीला ब्रेक लावला, पदर खोचला आणि कोळणीकडे वळल्या.

"हां, बोल आता!"