ईवारीची मांजराची शिंक

ईवारीला आमच्या गावात कुणी घरात घेत नसे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर लोक तुम्हाला सांगतील की तो माणूसघाणा होता. माणूसघाणा कसला! कॉफीचं पाकीटसुद्धा आम्ही त्याला दारातूनच देत होतो.

झालं असं, की त्याच्या बंदुकीला आवाज नव्हता. रायफल लष्करातली जुनी, पण काडतुसं तो स्वतः भरायचा. मासेमारीच्या जाळ्यांची जुनी शिसं चुलीवर वितळवून गोळ्या ओतायचा, आणि रिकाम्या पुंगळीत दारू घालायचा ती अगदी चिमूटभर. आमच्या कायनू प्रांताकडे असल्या काडतुसाला मांजराची शिंक म्हणतात. रानकोंबड्याला तीच बरी. पुऱ्या दारूची गोळी घातली तर हातात नुसती पिसं येतात. एरवीही तो सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, मागे डब्यांवर तीच काडतुसं झाडून नेम साफ ठेवायचा, आणि त्याची कुत्री हेर्ता पायाशी खुशाल घोरत पडलेली असायची.

आमच्याकडे आपलं कुत्रं आपण मारत नाही. हेलसिंकीची माणसं हे ऐकून तोंडावर हात ठेवतात, पण जनावरांचा डॉक्टर इतका लांब, करायचं काय? कुत्रं म्हातारं झालं, कंबर गेली, की शेजारी मारतो आणि कॉफीचं पाकीट घेऊन घरी जातो. पुढे पुढे सगळ्या गावाचा शेजारी एकटा ईवारीच झाला. आमचा कुत्रा मुस्ती गेला तेव्हा मी खिडकीशी पीठ मळत होते. मला वाटलं, कुणीतरी फळी आपटली.

माणसांना कळत नसे, पण कुत्र्यांना कळायचं. ईवारी रस्त्याला लागला की प्रत्येक अंगणातून रडणं सुरू. "आला बघ यमदूत," माझा नवरा कौको म्हणायचा आणि दात काढायचा. मग लग्नाला बोलवायला नको, मयताला नको, कारण कुत्री गोंधळ घालतात. काम मात्र त्याच्याचकडून.

हेर्ता तेवढी त्याला भीत नसे. तांबूस अंगाची, उभ्या कानांची. रानकोंबडा झाडावर बसला की खाली उभी राहून असं भुंकायची, की पक्षी बावळटासारखा तिच्याकडेच बघत बसायचा आणि ईवारी निवांत मागून यायचा. तिला भीती होती ती फक्त मोठ्या रायफलीची. एल्कच्या, म्हणजे आमच्याकडच्या थोरल्या हरणाच्या, शिकारीचा मोसम लागला, की पहिल्या बाराला ती पलंगाखाली. मग हा बाबा हातातलं काम टाकून तिच्या शेजारी जमिनीवर आडवा व्हायचा.

तिच्या पोटात गाठ झाली त्या वर्षी तो आमच्या दारात आला. एका हातात रायफल, दुसऱ्या हातात कॉफीचं पाकीट.

"कौको, हेर्ताचं तेवढं कर रे. बंदूक माझी घे, काडतूस भरून आणलंय. तिला काही कळायचं नाही."

"अरे वा! सगळ्या गावाची मारलीस, आणि आता हात थरथरतो होय?"

"माझ्या हातात बंदूक बघितली की तिला वाटतं, पक्ष्यांना निघालो."

"मग बरंच की! खुशीत जाईल. तुझं तू बघ."

मी हातातलं पातेलं आदळलं. "कौको, जनाची नाही तर मनाची तरी ठेव!" पण तोवर त्याने दार लावलं होतं. ईवारी आणखी दोन घरं हिंडला. पहिल्या घरच्या पेंत्तीने म्हणे पाठदुखीचं निमित्त सांगितलं, आणि पुलाजवळच्यांनी दारच उघडलं नाही.

पुढचं मला ईवारीनेच सांगितलं. घरी जाऊन त्याने काडतूस पुन्हा खोललं आणि होती त्याहून कमी दारू घातली. तिच्या कानाला तेवढाही आवाज नको म्हणून. जन्मभर हात चुकला नाही त्याचा, आणि माया केली तिथेच घोळ झाला.

हेर्ताला धड चालवत नव्हतं. पण खांद्याला रायफल दिसली आणि बाई निघाली पुढे! एका स्प्रूसखाली थांबली आणि वर बघून भुंकायला लागली. झाड रिकामं होतं. लांबचं दिसत नव्हतं तिला, तरी मालकाला पक्षी दाखवायचा होता. ईवारीने नेम धरून घोडा ओढला. फुस्स झालं, आणि गोळी नळीच्या मध्येच अडकून बसली. हेर्ता वर बघत उभी, पक्षी कधी पडतोय म्हणून.

मागून दुसरं काडतूस झाडलं असतं तर नळीच फुटली असती. त्याने गज घालून गोळी ठोकून बघितली, तर गजही रुतला. तोवर हेर्ता रक्त ओकायला लागली. तिला कवेत घेऊन तो आमच्या अंगणात आला.

"कौको, बंदूक दे."

आमच्या घरात एल्कची मोठी रायफल तेवढी होती. ईवारीची काडतुसं तिच्यात बसत नव्हती. कौकोने ती दारातूनच पुढे केली. या वेळी हसला नाही, एवढंच.

मी खिडकीशी होते. जिला उभं राहवत नव्हतं ती हेर्ता, ती रायफल हुंगून फरपटत आमच्या पायऱ्यांखाली शिरली. ईवारी पालथा पडला आणि आत हात घातला. "ये गं बाई, ये गं माझे," म्हणत म्हणत पट्ट्याला धरून त्याने तिला ओढलं. ती त्याला चावली. जन्मात पहिल्यांदा.

बार असा झाला की आमच्या खिडकीच्या काचा हलल्या. तळ्यापलीकडून कुणीतरी हाक मारून विचारलं, एल्क पडला का? गावातलं एकही कुत्रं मरताना कुणाला ऐकू आलं नव्हतं. हे सगळ्यांनी ऐकलं.

ईवारीने रायफल पुसून परत दिली. हातातून रक्त गळत होतं. मग खिशातून तेच कॉफीचं पाकीट काढून त्याने उंबऱ्यावर ठेवलं.

"बंदूक तुझी होती," म्हणाला, आणि तिला उचलून गेला.

कौकोने पाकीट घेतलं, हो! आत आणून टेबलावर ठेवलं आणि मला म्हणाला, "टाक की गं कॉफी."

"तुझं तू बघ," मी म्हटलं.

त्याने स्वतः केली आणि दोन कप प्यायला.