आधी ओरडायचं, मग सोडायचं

टेलरबाईंचा हात जितका सफाईदार, तितकीच जीभ तिखट. गिऱ्हाइकाने कंबर बारीक सांगितली, की "टेप खोटं बोलत नाही हो," म्हणून त्या मोकळ्या. नवरा अग्निशमन दलात. गोदामाच्या आगीत छप्पर कोसळलं आणि त्याचा जोडीदार जवान त्याच्या डोळ्यांदेखत गेला. तेव्हापासून साधं भांडं पडलं तरी तो दचकून भिंतीला चिकटायचा, घामाने निथळायचा आणि मग दिवसभर सगळ्यांवर खेकसायचा. बाईंनी खुर्च्यांच्या पायांना चिंध्या बांधल्या, दारावरची घंटी काढली, मशीनवर चादर टाकली आणि हाताने शिवायला बसल्या. लेकही कुजबुजायला लागली. इतकी, की शाळेतून निरोप आला: मुलीचं बोलणं ऐकूच येत नाही.

तो निरोप बाईंच्या काळजाला लागला. नवऱ्याला जपता जपता लेक हातची चालली होती.

दलाच्या केंद्रात जवानांच्या घरच्यांची बैठक भरायची. नाक मुरडत का होईना, बाई गेल्या. तिथल्या समुपदेशक ताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"घर इतकं गप्प केलंत, की आता चमचा पडला तरी त्यांना छप्पर पडल्यासारखं वाटणार. आवाज होऊ द्या. फक्त आधी सांगा. आणि त्यांनाही इकडे आणा, हे एकट्या बाईचं काम नाही."

घरी येऊन बाईंनी हे नवऱ्याच्या कानावर घातलं.

"आम्हीही तेच करतो की," तो म्हणाला. "नळीत पाणी सोडायच्या आधी ओरडायचं, 'पाणी!' पुढच्याने 'सोड!' म्हटल्याशिवाय सोडायचं नाही."

बाईंनी चादर ओढून काढली. "मशीन!"

त्याने टेबलाची कड घट्ट धरली. "सोड!"

मशीन धडधडलं. तो पांढराफटक पडला, पण जागचा हलला नाही. बाईंना असं रडू फुटलं, की टीप पार वाकडी गेली. जाऊ दे मेली!

पुढे तो आपणहून ताईंकडे जायला लागला. वाईट दिवस अजूनही येतात, नाही असं नाही. पण घरात "झाकण!" "सोड!" "दार!" "सोड!" असा नुसता धुडगूस असतो.

परवा शाळेतून पुन्हा निरोप आला: मुलगी "दप्तर!" असं ओरडते, सगळा वर्ग "सोड!" म्हणतो आणि मग ती दप्तर टाकते. जरा समज द्या.

हे ऐकलं मात्र, नवरा आगीनंतर पहिल्यांदाच गडगडाटी हसला. एकदम, न सांगता.

बाईंच्या हातातली कात्री खाली पडली. "अहो, आधी ओरडायचं ना!" त्या डोळे पुसत म्हणाल्या.