आधी शेपूट दाखवा

“तोंड राहू दे. आधी शेपूट दाखव.”

आमच्या गिरणीच्या शाळेतले ड्रॉइंग मास्तर कुठल्याही चित्राला हात लावायचे ते असं म्हणूनच. पोरानं बैल काढून आणला की शिंगांकडं, डोळ्यांकडं ते बघायचेच नाहीत. कागदाच्या टोकावर दोन बोटं ठेवायची आणि विचारायचं, “शेपटीचा गोंडा कुठाय? बैल बघितलायस की नाही कधी? तोंड सगळेच दाखवतात. जेवढं बघितलंस तेवढंच काढ. नाही बघितलंस ते कोरं ठेव.”

हल्ली सोलापुरात त्यांची गोष्ट विनोद म्हणून सांगतात. पान लावता लावता कोणीतरी सुरू करतो, “ते अर्ध्या माशाचं मास्तर माहीत हाय का?” आणि मंडळी खो-खो हसतात. मी त्या बैठकीतून उठतो. हसणाऱ्यांपैकी एकानंही तो मासा पाहिलेला नसतो. मी पाहिला होता. म्हणून हे लिहितो आहे.

माणूस गोड नव्हता, हे मीच सांगून टाकतो. मूळचे मालवणचे. मधल्या सुटीत डब्यातून भाजलेले सुके बोंबील काढायचे आणि शिक्षकांची खोली रिकामी करायचे. आमचे सेक्रेटरी अक्कलकोटकडचे, घरात कानडी बोलणारे, कडक शाकाहारी. ते “शिवशिव!” म्हणत खिडकी उघडायला धावायचे.

“खिडकी उघडून काय होणार, सेक्रेटरीसाहेब?” मास्तर घास न थांबवता म्हणायचे. “समुद्र काय आत येत नाही. ऊनच येतं.”

मी त्याच शाळेत इंग्रजी शिकवायचो. मलाही सोडायचे नाहीत. माझे वडील मंगळवेढ्याच्या रानात औत हाकायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. मास्तरांना ते ठाऊक होतं, म्हणून ते नेमके तिथंच टोचायचे.

“काय बी.ए., तुमच्या कॉलेजात मासे ओळखायला शिकवतात का?”

“नाही.”

“वाचलात. चुकीचेच शिकवले असते.”

तर हा असा माणूस. आता साहेबांकडं येतो.

आमच्या गिरण्यांतल्या गोऱ्या साहेबांना तेव्हा समुद्रातल्या मासेमारीचं वेड लागलं होतं. नाताळची सुटी लागली की मोटारी कोल्हापूरमार्गे घाट उतरून मालवणला जायच्या. तिथं होडी भाड्यानं घ्यायची, खोल पाण्यात जायचं आणि गळ टाकून बसायचं. ज्याची सुरमई सगळ्यांत मोठी, त्याला क्लबाचा चांदीचा कप. पण आख्खा मासा सोलापूरपर्यंत टिकणार कसा? म्हणून नियम केला होता: माशाचं डोकं आणि शेपटी मिठात घालून आणायची. दोन्ही हवीत. त्यावरून मासा कुठला आणि केवढा ते ठरवायचं. आणि ठरवणार कोण? खाऱ्या पाण्यातला मासा ओळखणारा शाळेत, गिरणीत, क्लबात एकच माणूस होता.

सुटीच्या आधी एका संध्याकाळी मास्तर साहेबांचा वर्गही घ्यायचे. तो देखावा तुम्ही बघायला हवा होता. लाल तोंडाचे ते धिप्पाड गडी पोरांच्या बाकांवर गुडघे हनुवटीला टेकवून बसलेले, आणि मास्तर फळ्यावर खडूनं मासे काढताहेत. “टेल फस्ट, सर. फेस एव्हरीबडी शोज.” सुरमई लांबट, तोंड टोकदार, दात सुरीसारखे, ती साधी दोरी कापून जाते, गळाच्या वर तार लावा. गेदर, म्हणजे साहेबांचा टूना, गोल, भरलेला. लागला की सरळ तळाकडं ओढतो, तिथं घाई करणारा हरतो. मोडसो वाहत्या ओंडक्याच्या सावलीत थांबतो, आणि डोकं चपटं म्हणून नवखा माणूस त्याला मोरी, म्हणजे शार्क, समजून घाबरतो. “हू इज ही, दॅट यू नो,” मास्तर खडू आपटून म्हणायचे, “देन व्हॉट ही विल डू, दॅट यू नो.” इंग्रजी मोडकं होतं. पण साहेब लोक माना डोलवायचे, आणि मागं उभा राहिलेला मी, बी.ए. असूनही, मान डोलवायचो.

त्या वर्षी विणकाम खात्याच्या मोठ्या साहेबाची पेटी आली. शाळेचा खर्च गिरणी चालवायची आणि गिरणीत या साहेबाचा शब्द चालायचा. क्लबाच्या व्हरांड्यात सगळे जमले. आम्हाला, म्हणजे काळ्या माणसांना, व्हरांड्यापर्यंतच परवानगी. पेटी उघडली. डोकं निघालं, बरं मोठं. मग शेपटी निघाली आणि साहेब लोकांनी टाळ्या वाजवल्या, एवढी दांडगी.

मास्तरांनी शेपटीवरचं मीठ अंगठ्यानं पुसलं. दोन बोटं ठेवली. पुन्हा पुसलं. मग डोक्याकडं गेले, परत शेपटीकडं आले. त्यांचा चेहरा मी बघत होतो. हा माणूस बोलू नये असं मला पहिल्यांदाच वाटलं.

ते बोलले. आणि नीट, अदबीनं बोलले, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. डोकं सुरमईचं आहे. पण सुरमईच्या अंगावर एक बारीक रेघ असते, ती शेपटीजवळ लाटेसारखी हलत जाते. ती इथं नाही. बुंध्याजवळचे बारके पर पिवळे आहेत. ही शेपटी गेदराची आहे. “साहेब, खारवणाऱ्यानं एका पिपातून दोन मासे भरताना अदलाबदल केली असेल. त्यात आपली काही चूक नाही.”

वाट काढून दिली होती हो त्यांनी! एक हसू आणि “अरेच्चा” एवढ्यावर भागलं असतं. एक-दोघा साहेबांनी मान हलवलीही होती. पण मोठा साहेब लाल झाला. चुकीची त्याला लाज नव्हती. चूक कोण दाखवतो, याची लाज होती. मासा आपण स्वतः पकडला, आपल्या डोळ्यांनी पाहिला, असं तो म्हणाला, आणि कप उचलून आत गेला.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी मला बोलावलं. “माफीचं पत्र लिहा. चांगल्या इंग्रजीत. मास्तर सही करतील.”

“माफी कशाची?”

“अहो, एका माशासाठी शाळा बुडवायची का? सुरमई काय, गेदर काय, आपल्याला दोन्ही विटाळच.”

मला अजून तो आवाज ऐकू येतो आणि मुठी वळतात. साहेब परका होता, त्याचं मी समजू शकतो. हे आपले. मी म्हणालो, “माझ्या बापानं बैल विकून मला इंग्रजी शिकवली, ती यासाठी नव्हे. दुसरा लेखनिक बघा.”

सेक्रेटरी मला काढू शकत होते. त्याऐवजी त्यांनी वेगळी युक्ती काढली. माफी नको, पण मास्तरांनी क्लबाच्या भिंतीसाठी साहेबाच्या माशाचं मोठं, खऱ्या मापाचं चित्र काढावं. काढलं तर नोकरी राहील. मास्तरांना दोन मुली होत्या, थोरलीचं लग्न ठरत होतं. शाळेतली खोली सोडली तर या गावात त्यांना छप्पर नव्हतं.

“रंगवून टाका की मास्तर,” आमचा शिपाई म्हणाला. “मासा काय कोर्टात साक्ष द्यायला येतोय व्हय?”

मास्तर हसले. “रंगवतो.”

त्यांनी ‘हो’ म्हटलं याचा मला राग आला. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. हॉलमध्ये लांबलचक कापड ताणलेलं, शेजारी पाटावर ते डोकं आणि ती शेपटी. पोरं नाकाला सदरा लावून डोकावायची. “मास्तर लई तापलंत,” शिपाई येऊन सांगायचा, “कुणाला जवळ यिऊ देत न्हाईत.”

चित्र न्यायला सेक्रेटरी आले तेव्हा मी दारात उभा होतो. मास्तरांनी वरचा पंचा ओढला.

असं चित्र मी जन्मात पाहिलं नाही. डावीकडं सुरमईचं डोकं: एकेक दात, डोळ्याची ओली कड, जबड्यात रुतलेल्या गळाची जखमसुद्धा. उजवीकडं, बरोबर मापाच्या अंतरावर, गेदराची शेपटी, तिचे पिवळे पर, मिठाचे कण. आणि मध्ये काहीच नाही. कोरं कापड. त्याला रंग धरून ठेवणारा अस्तराचा हातसुद्धा दिलेला नव्हता.

सेक्रेटरींना आधी समजेना. “मास्तर, पोट कुठाय?”

“मधलं मी पाहिलं नाही.”

“अहो, मनानं काढा!”

“तेवढं मी पोरांनासुद्धा करू देत नाही.”

“नोकरी जाईल, मास्तर.”

“माका म्हायती आसा,” ते मालवणीत म्हणाले. मग माझ्याकडं बघून, “काय बी.ए., आता तरी बोलणार का?”

मी बोललो. खूप बोललो. सेक्रेटरींच्या तोंडावर बोललो, कमिटीपुढं बोललो. उपयोग झाला नाही. थोरलीचं लग्न मोडलं. आठवड्याच्या आत मास्तर पेट्या बांधून मोटारअड्ड्यावर गेले. खिडकीतून त्यांनी माझ्या हातात बोंबलांची पुडी ठेवली. “सेक्रेटरींच्या खोलीत खा,” म्हणाले. मी खाल्ले. मला ते कधीच आवडले नाहीत. मालवणला टाकलेल्या माझ्या पत्रांना उत्तर आलं नाही.

चित्र वाया घालवायचं नाही म्हणून सेक्रेटरींनी नाटकाचे पडदे रंगवणारा एक पेंटर बोलावला. त्यानं दुपारभरात निळंचंदेरी पोट भरून दिलं. सुरमईचं नाही, गेदराचं नाही, देवाघरी कुठल्याच माशाचं नाही. क्लबात ते लागलं. खाली पितळी पट्टीवर साहेबाचं नाव.

गेल्या उन्हाळ्यात शाळेच्या कामासाठी क्लबात जावं लागलं. व्हरांड्यातच थांबवलं, तो नियम अजून आहे. खिडकीतून भिंत दिसत होती. सोलापूरचं ऊन त्या भिंतीवर रोज येतं. दात होते तसे धारदार होते. पिवळे पर पिवळेच होते. मधल्या निळ्याला मात्र कापडानं धरून ठेवलं नव्हतं. अर्ध्याच्या वर पोट गळालं होतं, आणि आतून ते कोरं कापड पुन्हा वर आलं होतं.

खाली फरशीवर चंदेरी पोपडे पडले होते. क्लबाचा नोकर ते कुरकुरत सुपलीत भरत होता.

“रोजचंच हाय की हे,” तो मला म्हणाला.

“असू दे,” मी म्हणालो. “अजून थोडं राहिलंय.”