आजोबांच्या होडीतली माणसं

ओहोटीला खाडीच्या चिखलाचा वास मी शिकवते त्या शाळेपर्यंत येतो आणि मला आजोबांची होडी आठवते. चळवळीच्या दिवसांत इंग्रजांचे पोलीस ज्यांच्या मागावर होते, अशी कितीतरी माणसं त्यांनी त्या होडीतून पलीकडे पोचवली.

मी सातवीत असताना तलाठी भाऊसाहेब स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनचा फॉर्म घेऊन आमच्या ओट्यावर आले. अक्षर चांगलं म्हणून भरायला मी बसले.

"कोणाला नेलंत? दोन नावं तरी सांगा," भाऊसाहेब म्हणाले.

आजोबांनी जाळं विणताना मानही वर केली नाही. "म्हाईत न्हाय. मी कंदी इचारलीच न्हाईत. इचारली असती तं पोलिसांच्या मारात तोंडातून निघाली असती."

फॉर्म तसाच परत गेला. खोटी दोन नावं सांगितली असती तर काय बिघडलं असतं, म्हणून मी चार दिवस त्यांच्याशी अबोला धरला.

काल शाळेच्या भिंतीवर देशाच्या वीरांची यादी रंगवून घेतली. शेवटी आजोबांचं नाव मी स्वतः ब्रशने लिहिलं.

"मॅडम, नीचे एक लाइन खाली है," पेंटर म्हणाला.

"राहू दे," मी म्हटलं. "तिथं त्यांच्या होडीतली माणसं बसलीत."